निकालाची नक्कल

नोव्हेंबर 1973 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माधव होसकोट यांना बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात तीन वर्षांची शिक्षा दिली. सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा होती न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड. निकालाची मोफत प्रत पुण्याला येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे आली. ती बंद्याला दिली आणि दयेच्या अर्जाला जोडायला म्हणून परत घेतली, असं कारागृहाचं म्हणणं. ती मिळालीच नाही, असं होसकोटांचं. पोच म्हणून त्यांची सही कुठेच नव्हती. पुढे प्रत मिळवून ते सर्वोच्च न्यायालयात पोचले 1978 मध्ये. तोवर शिक्षा पूर्ण भोगून झाली होती.

त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पण 17 ऑगस्ट 1978 च्या त्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांच्या पीठाने बजावलं की तुरुंगवास देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत ताबडतोब मोफत द्यावी, आणि ती तुरुंगामार्फत गेली तर बंद्याची लेखी पोच घ्यावी. याची मुळं त्यांनी राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात शोधली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर कारण त्याच्या हातात द्यायला हवं, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

पण कागद हातात पडला आणि वाचता आला नाही, तर? कायद्याने हाही विचार केलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 363, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 404: आरोपीने अर्ज केला तर निकालाचं भाषांतर, शक्य असल्यास त्याच्या स्वतःच्या भाषेत, नाहीतर न्यायालयाच्या भाषेत, विनाविलंब द्यायचं. अपील करता येत असेल तर फुकट.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यापुरतं बघू. 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. तालुक्यातल्या पौडच्या न्यायालयातलं मराठी निकालपत्र घेतलं, तर आधी मुद्दे, समोर ‘होकारार्थी’ किंवा ‘नकारार्थी’ असे निष्कर्ष, मग कारणमीमांसा. कुठल्या साक्षीदारावर विश्वास का ठेवला, पंच का फितूर झाला, हे सगळं तिथे असतं. सातवी शिकलेला शेतकरीही सावकाश वाचून म्हणू शकतो, ‘इथे साहेबांनी माझं ऐकलं नाही.’ अपिलाची सुरुवात या वाक्यापासून होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला तीसच दिवस असतात.

प्रकरण मुंबईला उच्च न्यायालयात गेलं की घटनेच्या कलम 348 प्रमाणे कारणं इंग्रजीत येतात. सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल 2019 पासून मराठीतही मिळू लागले आहेत, हे आनंदाचं आहे. त्यासाठी ‘सुवास’ नावाची संगणक प्रणाली वापरतात, शेवटी टीप असते की इंग्रजी पाठच अधिकृत. ते योग्यच आहे. पण तुरुंगातल्या माणसाला भाषांतर हवं असतं ते आपलं काय चुकलं असं न्यायालय म्हणतं, हे कळण्यासाठी. तेवढ्यापुरतं ते पुरेसं आणि निकडीचं आहे.

आणि मुळशी म्हणजे काही फक्त मराठी नव्हे. हिंजवडी, माण याच तालुक्यात येतात. तिथल्या बांधकामांवर ओडिशा, झारखंड, बंगालकडचे मजूर राबतात. त्यांच्यातल्या कुणाला शिक्षा झाली, तर आपल्याला हवंहवंसं वाटणारं मराठी निकालपत्र त्याच्यासाठी इंग्रजीइतकंच परकं. मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे आधी बोललं पाहिजे. आपण जो हक्क मुंबईकडे मागतो, तोच हा माणूस आपल्याकडे मागतो आहे.

‘शक्य असल्यास’ ही कायद्यातली सवलत आहे खरी, पण अर्जच झाला नाही तर काय शक्य होतं ते कुणाला कळणार? अर्ज करता येतो हेच त्या मजुराला माहीत नसतं. म्हणून शिक्षा सुनावल्यावर न्यायाधीशांनी विचारावं, निकाल कुठल्या भाषेत हवा, आणि त्याचं उत्तर, प्रत दिल्याची तारीख आणि आरोपीची सही त्याच दिवशीच्या रोजनाम्यात यावी. यासाठी कायद्यात एक अक्षरही बदलावं लागत नाही.