साक्षी कोण, कर्ता कोण

सांख्यकारिका शिकवताना एकोणसाठाव्या कारिकेपाशी वर्ग हमखास जागा होतो. नर्तकी रंगमंचावर नाच दाखवून झाला की थांबते, तशी प्रकृतीही पुरुषाला स्वतःचं दर्शन घडवून निवृत्त होते, असं कारिकाकार ईश्वरकृष्ण सांगतो. एकसष्टाव्या कारिकेत तर तो म्हणतो की प्रकृतीइतकं लाजाळू कोणीच नाही. आपण बघितले गेलो हे कळलं की ती पुन्हा त्या पुरुषाच्या नजरेला पडत नाही. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, म्हणजे पुरुष नुसता बघत बसतो?" हो, नुसता बघतो. सांख्यांचा पुरुष साक्षी, द्रष्टा, अकर्ता. करायचं सगळं प्रकृतीने.

या कारिका मला भाच्याच्या प्लेस्टेशनसमोर फार आठवतात. (मी खेळते. मानेला पट्टा लावून खेळते. हे आधीच सांगते, म्हणजे 'मॅडमना गेममधलं काय कळतं' हा मुद्दा निकालात निघेल.) गेममधल्या बायकांची शरीरं कशी दाखवावीत यावर खेळाडू वर्षानुवर्षं भांडतायत, १९९६ साली लारा क्रॉफ्ट ही गेमनायिका आली तेव्हापासून तर जास्तच. एप्रिल २०२४ मध्ये 'स्टेलर ब्लेड'च्या नायिकेच्या काही पोशाखांवर कंपनीने जरा कापड वाढवलं, तर मूळ कपडे परत द्या म्हणून खेळाडूंनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. समोरची बाजूही तितक्याच त्वेषाने कापड मोजत होती. दोघांच्या हातात शिंप्याचीच टेप.

कापड हा मुद्दा नाही, असं माझं मत आहे. बदामीच्या संग्रहालयातली लज्जागौरी पूर्ण विवस्त्र आहे, पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, मस्तकाच्या जागी कमळ. संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी या देवीवर अख्खं पुस्तक लिहिलं. तिच्यापुढे उभं राहिल्यावर जे वाटतं त्याला वासना म्हणवत नाही. ती कुणासाठी पोझ देऊन बसलेली नाही. कालीही दिगंबराच. म्हणून २०१२ मध्ये 'स्माइट' या गेममधल्या तोकड्या कपड्यांतल्या कालीवर अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी आक्षेप घेतला, तेव्हा मला आधी हसू आलं. मुळात वस्त्रच नसलेल्या देवीला कपडे कमी पडले म्हणायचं! त्यांचा 'हनुमान: बॉय वॉरिअर' या गेमवरचा २००९ मधला आक्षेप मात्र मला जास्त नेमका वाटतो. देवाला खेळाडूच्या हातातल्या बटणांवर नाचवू नये, असं ते म्हणत होते. देवाचा भाग बाजूला ठेवला तरी बटणं कोणाच्या हातात आहेत, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं.

भाचा म्हणतो, "मावशी, पिक्सेल आहेत गं ते. पिक्सेलवर कसला अन्याय?" बरोबर आहे त्याचं. गेममधल्या बाईवर अन्याय होतच नाही, कारण ती नाहीच. मग उरतो बघणारा. सिनेमात कॅमेरा दुसऱ्याने लावलेला असतो. दाखवलं ते बघितलं, असं प्रेक्षक म्हणू शकतो. इथे डाव्या अंगठ्याने तिला पळवायचं आणि उजव्याने कॅमेरा फिरवायचा. पळणारी मीच, तिच्या पाठीमागून तिला न्याहाळणारीही मीच. सांख्यांनी ज्या दोघांना इतक्या कष्टाने वेगळं केलं, ते कर्ता आणि द्रष्टा इथे एकाच माणसाच्या दोन अंगठ्यांत येऊन बसतात.

गेम-दिग्दर्शक योको तारोला हे कळलेलं दिसतं. त्याच्या 'नीअर: ऑटोमाटा'ची (२०१७) नायिका टूबी ही अँड्रॉइड, डोळ्यांवर काळी पट्टी, झगा आखूड. कॅमेरा खाली नेऊन झग्यात डोकवायला गेलं की ती चटकन बाजूला सरते, कॅमेरा झटकून टाकते. डोळे बांधलेले असूनही तिला कळतं! एकसष्टावी कारिका इतकी चोख कुणी चितारलेली मी पाहिली नव्हती. पण दहा वेळा डोकावलं की गेम ट्रॉफी देतो, तिचं नाव 'हे काय करतोयस?' असं. चोराला पकडलं आणि वर बक्षीस दिलं. शिवाय झगा तेवढा आखूड शिवून घेतला तोही त्यानेच.

तरी तो परवडला. राग येतो तो 'मेटल गिअर सॉलिड ५'मधल्या क्वाएटच्या बाबतीत. ही नेमबाज बिकिनी आणि फाटक्या मोज्यांवर रणांगणात फिरते. २०१३ मध्ये गेमचा दिग्दर्शक हिदेओ कोजिमा म्हणाला होता की यामागचं कारण समजेल तेव्हा टीका करणाऱ्यांना आपल्याच शब्दांची लाज वाटेल. २०१५ मध्ये कारण समजलं: ती त्वचेने श्वास घेते, प्रकाशसंश्लेषणावर जगते, कपडे घातले तर गुदमरेल. त्याच मालिकेतला द एंड नावाचा म्हातारा नेमबाजही प्रकाशसंश्लेषणावर जगतो. तो बापडा अंगभर कपड्यांत. ज्याने सृष्टी रचली त्यानेच सृष्टीच्या नियमाकडे बोट दाखवून 'काय करणार, तिचा नाइलाज आहे' म्हणायचं, हा शुद्ध कांगावा. पात्राची गरज काय आणि संमती काय, दोन्हींखाली सही लेखकाचीच.

'बेयोनेटा' या गेमच्या त्याच नावाच्या नायिकेपाशी मी अडते. तिला मारी शिमाझाकी या बाईंनी रेखाटलं. अंगावरचा पोशाख म्हणजे तिचेच केस, आणि केसांनी मोठा हल्ला चढवला की अंग उघडं पडतं. आपल्याकडे कोण बघतंय हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याची तिला मजा वाटते. मला ती आवडते. पण ती मजाही कुणीतरी लिहूनच दिलेली आहे, तेव्हा क्वाएटला लावलेली कसोटी तिलाही लागते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बंदी मला नको. कंपन्यांनी काय शिवायचं ते शिवावं, कुणाला काय आवडायचं ते आवडावं. मात्र कंट्रोलर हातात धरून 'आम्ही फक्त बघतो' ही सबब सांगितली, तर ती मला मान्य नाही.