पगाराने सेवा उणी होते काय?

गेल्या आषाढी वारीत फलटणच्या तळावर आमच्या दिंडीतील एका वृद्ध वारकऱ्याच्या पायाला फोड आले. आरोग्य पथकाकडे जावे लागले नाही. त्यांची मुलगीच दोन दिवसांची रजा काढून बापाला भेटावयास आली होती, आणि ती परिचारिका. तिने पाय धुतले, फोड न फोडता पट्टी बांधली, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "महाराज, एक विचारू का? बाबांसमोरच विचारते."

तिचा प्रश्न असा : "एका खाजगी रुग्णालयात सहा वर्षे झाली. खाटा तीस, ड्यूटी बारा बारा तास, पगार अकरा हजार. वाढवा म्हटले की मालक म्हणतात, हे पुण्याचे काम आहे, सेवा समजून कर. आता जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळते आहे, पुढे शिकताही येईल. पण बाबा म्हणतात, पैशासाठी रोगी सोडून जाणे माळकऱ्याच्या लेकीला शोभत नाही. आणि तिथे एक आजोबा आहेत, डायलिसिसला येतात. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुई टोचू देत नाहीत. त्यांना सोडले तर पाप लागेल का?"

बाप मान खाली घालून बसला होता. आम्हीही त्या रात्री उत्तर दिले नाही. पुढच्या वाटेवर विचार करीत चाललो, आणि जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण हा प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही. आज वारकऱ्यांच्या कितीतरी घरांतून मुली आणि मुलगेही या कामात आहेत.

पहिली शंका अशी, की मोल घेतले म्हणजे सेवा राहिली कुठे? पण आपल्या संतांकडे पहा बरे. गोरोबाकाका मडकी घडवीत, सावता महाराज मळा करीत, सेना महाराज हजामत करीत. मडके फुकट दिले म्हणून गोरोबाकाका संत झाले, असे कोणी कीर्तनकार सांगत नाही. काम चोख आणि चित्त विठ्ठलापाशी, एवढेच त्यांनी दाखविले. प्रपंच चालविण्यापुरते मोल घेण्याला आपल्या पंथाने कधी कमीपणा मानला नाही.

निष्कामता खरी, तिच्याविषयी आमचा वाद नाही. पण तो शब्द ज्याने त्याने आपल्या मनाला सांगावयाचा असतो; दुसऱ्याच्या पगाराच्या वहीत लिहावयाचा नसतो. मालक रोग्याकडून पुरते बिल घेतो आणि परिचारिकेला मात्र "सेवा समजून कर" म्हणतो, तेव्हा त्याग तिचा आणि लाभ त्याचा होतो. याला परमार्थ कसे म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने 2016 साली या प्रश्नावर एक समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे, अशी शिफारस तिने केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. पण न्याय्य मोल मागणारी मुलगी लोभी नाही, एवढे तरी त्यावरून आपण समजून घ्यावे.

दुसरी शंका याहून अवघड आहे. रोगी सोडून जावे काय? येथे आम्हांला सप्ताहातील वीणा आठवली. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पण ती सात दिवस एकाच्याच गळ्यात असते काय? नाही. पहारा बदलतो. येणारा जाणाऱ्याच्या पाया पडतो, जाणारा येणाऱ्याच्या, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पहारा देऊन झोपावयास गेला त्याने वीणा टाकली, असे कोणी म्हणत नाही. उलट, हट्टाने दोन दिवस उभा राहून पेंगू लागला आणि वीणेसकट पडला, तर नेम त्यानेच मोडला.

रुग्णालयाची पाळी म्हणजे हाच पहारा. पाळी बदलताना परिचारिका खाटेपाशी उभ्या राहून एकमेकींना रोगी सोपवितात : याला औषध केव्हा दिले, याचा ताप किती, याची सलाईन केव्हा संपेल. याला त्या 'ओव्हर देणे' म्हणतात. हे नीट झाले तर सेवा अखंड. घाईत राहिले तर तेथेच वीणा जमिनीला लागली.

याचे फार मोठे उदाहरण मुंबईत घडले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयाच्या आवारातच अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली आणि त्या अंथरुणाला खिळल्या त्या कायमच्या. 18 मे 2015 रोजी देह ठेवीपर्यंत, जवळजवळ 42 वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरविले, स्वच्छ ठेविले, कूस बदलली. इतक्या वर्षांत अंथरुणाची जखम होऊ दिली नाही, याची वाखाणणी सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालातही आहे. ही सेवा कोणा एकीची नव्हे. कितीजणी आल्या, बढती घेऊन गेल्या, निवृत्त झाल्या. प्रत्येकीने पगार घेतला, पाळी संपल्यावर प्रत्येकजण घरी गेली. सेवा मात्र एक दिवस थांबली नाही. म्हणून आम्ही म्हणतो, जाणे हे पाप नव्हे. न सोपविता जाणे हे पाप.

आता या वाटेवरील मुलामुलींसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी.

आपल्या शिक्षणाची पायरी ओळखावी. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जीएनएम झालेल्यास दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासाने बी. एस्सी. होता येते, आणि पुढे दोन वर्षांत एम. एस्सी. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेस मान्यता आहे की नाही हे पाहावे. घर गहाण टाकून मान्यता नसलेल्या संस्थेत पैसे भरू नयेत. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी आणि तिचे नूतनीकरण वेळेवर करावे.

पुढच्या वाटा अनेक आहेत. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची परिसेविका होते, पुढे अधिसेविका. शिकविण्याची आवड असेल तिने पाठ्यनिर्देशिका व्हावे. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांसाठी 2020 पासून 'नॉरसेट' नावाची एकच परीक्षा आहे. गावात राहून काम करावयाचे असेल तर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. मैदानी भागात साधारण 5,000 वस्तीमागे एक उपकेंद्र असते. मात्र ही जागा बहुधा कंत्राटी असते, हे समजून घ्यावे. परदेशी जाणाऱ्याने भाषेची आणि परवान्याची परीक्षा आधी द्यावी, एजंटाची सरकारी नोंदणी तपासावी, आणि तो तोंडी जे सांगतो ते कागदावर मागावे.

नेमणुकीचे पत्र घेतल्याशिवाय रुजू होऊ नये. मूळ प्रमाणपत्रे कोणी मागितली तर दाखवावीत, पण त्याच्या कपाटात ठेवू नयेत. कावीळ-ब ची लस तीनही वेळा टोचून घ्यावी. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नये. रात्रपाळीनंतरची झोप हा आळस नव्हे. झोपेने जडावलेल्या हातून औषध चुकते. आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे स्त्रियांच्या छळाच्या तक्रारीसाठी समिती असणे 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यावर कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. सोसणे हा प्रत्येक वेळी गुण नसतो.

एवढे सांगून दुसरी बाजू न सांगणे लबाडीचे होईल. बढती मिळत जाते तसा माणूस खाटेपासून दूर जातो. वह्या, हजेरी, खरेदी यांत बुडतो. त्यात वावगे काही नाही, कुणीतरी तेही पाहिलेच पाहिजे. पण मनाला एक प्रश्न विचारीत असावे : माझ्या या पायरीने रोग्याचे काही बरे झाले, की फक्त माझी खुर्ची बदलली? पगार वाढला आणि रोग्याशी बोलणे तुटले, तर मात्र त्या बापाचे म्हणणे खरे ठरेल.

वाखरीला आम्ही त्या वारकऱ्याला जवळ बसविले आणि म्हटले, "बुवा, पोरीला जाऊ द्या. मात्र ठरल्या मुदतीची नोटीस देऊन जाऊ द्या. त्या आजोबांपाशी दुसऱ्या मुलीला महिनाभर आधी उभी करावी, त्यांची शीर कशी सापडते, त्यांना भीती कसली वाटते, सारे तिला शिकवावे. आजोबांनाही सांगावे, की बाबा, हात बदलतो आहे, काळजी तीच आहे."

बुवा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीणा देताना पाया पडतात, नाही का महाराज? मग त्या दुसऱ्या पोरीच्याही पाया पडून ये म्हणावं."

आणखी एक बोलणे त्या मुलीचे राहिले होते. एकादशीला तिची पाळी होती, पंढरीला येता येणार नव्हते, याची तिला खंत. तिला काय सांगावे? आपला देव विटेवर उभा राहिला तो कुणासाठी? आईबापाची सेवा हातातली टाकून उठला नाही, त्या पुंडलिकासाठी. ड्यूटीवरून हलता येत नाही अशांसाठी थांबण्याची त्याला जुनी सवय आहे.

असो. वाचकहो, आपलेही थोडे काम आहे. रुग्णालयात गेलो म्हणजे परिचारिकेवर ओरडू नये, तिला घरची मोलकरीण समजू नये. वाटेत आपण लहानथोर सर्वांना माउली म्हणतो. खाटेवर पडल्यावर तो शब्द विसरू नये, एवढेच मागणे.