साक्ष नेमकी कशाची?

इस्लामी न्यायशास्त्रात साक्षीदारावर सर्वसाधारणपणे एक कडक बंधन आहे. त्याने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे. आपला तर्क त्यात मिसळू नये. हे बंधन काझीच्या न्यायालयापुरतेच आहे काय? रुग्णालयातील संगणकाच्या पडद्यासमोरही तोच प्रश्न आज उभा आहे.

शरीरात सोडलेल्या मूलपेशी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर आधी खूण केली जाते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशींना किरणोत्सारी ग्लुकोजची खूण करून त्या हृदयाच्या धमनीतून सोडण्यात आल्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात, सुमारे तासाभराने केलेल्या पेट स्कॅनमध्ये त्यांपैकी अवघ्या 1.3 ते 2.6 टक्के पेशी हृदयात आढळल्या. बहुतेक यकृत आणि प्लीहेकडे गेल्या होत्या. खास निवडलेल्या पेशींचे प्रमाण मात्र बरेच अधिक होते.

ही खूण दर दोन तासांनी जवळपास निम्मी होत जाते. दीर्घकाळ माग ठेवण्यासाठी पेशींत लोहाचे सूक्ष्म कण भरतात. एमआरआयमध्ये ते काळ्या ठिपक्यासारखे दिसतात. परंतु पेशी मेली तरी लोह उरते. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात आणि ठिपका तसाच दिसत राहतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांच्या हृदयावरील प्रयोगात हेच आढळले. ठिपका लोहाची साक्ष देतो, जिवंत पेशीची नव्हे.

आता कल्पना करा, मुलाच्या उपचारासाठी जमीन विकायला निघालेल्या बापाला डॉक्टर असा ठिपका दाखवून म्हणतो, "पाहा, पेशी रुजल्या." चित्र खरे आहे, तरीही डॉक्टरने न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष दिली. कोणी म्हणेल, आशेने रुग्णाला बळ येते. खरे आहे, धीर देणे ही नेकीच आहे. परंतु ज्या शब्दावर विसंबून दुसरा आपले शरीर आणि मिळकत पणाला लावतो, तो शब्द अमानत असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकार आदींसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर संशोधन मानला जातो. ही गोष्ट त्या बापाला आधी कळणे हा त्याचा हक्क आहे.

वाचकहो, आपल्यावर अशी वेळ आल्यास अदबीने विचारा, "डॉक्टरसाहेब, दिसते ती पेशी की तिची खूण? ती जिवंत आहे हे कशावरून?" "अजून सांगता येत नाही" असे उत्तर आले तर निराश होऊ नका. पाहिले तेवढेच सांगणाऱ्या माणसाच्या हाती आपण आहात. अल्लाह आपणा सर्वांना खरी साक्ष देण्याची आणि ती ऐकण्याची तौफीक देवो.