नियमाने खाल्लेली वर्षं

किडनीचं काम किती शिल्लक आहे, हे बहुतेक वेळा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात. हा आकडा म्हणजे अंदाज. वय, लिंग आणि क्रिएटिनिन सूत्रात घातलं की तो येतो. अमेरिकेत १९९९पासून वापरात आलेल्या सूत्रात आणखी एक प्रश्न होता : रुग्ण कृष्णवर्णीय आहे का? असेल तर उत्तर सुमारे २१ टक्क्यांनी वाढवायचं. २००९च्या सुधारित सूत्रात ही वाढ १६ टक्क्यांवर आली. सूत्रामागच्या अभ्यासातल्या कृष्णवर्णीयांमध्ये तेवढ्याच क्रिएटिनिनला किडनीचं काम थोडं जास्त दिसलं होतं, आणि त्याचं कारण त्यांच्या स्नायूंवर ढकलून सगळे मोकळे झाले.

आता हिशेब पाहा. डायलिसिस सुरू नसेल, तर प्रत्यारोपणासाठीचा प्रतीक्षाकाळ मोजायला हा आकडा २० किंवा त्याखाली यावा लागतो. एकाच वयाचे दोन पुरुष, दोघांचं क्रिएटिनिन सारखं. गोऱ्याचा आकडा १८ आला; त्याचं घड्याळ चालू झालं. काळ्याच्या त्याच १८चे झाले २०.९. तो थांबला. प्रयोगशाळेच्या अहवालावर अनेकदा दोन ओळी छापलेल्या असत : आफ्रिकन अमेरिकन असल्यास हा आकडा, नसल्यास तो. तिकडचा मराठी माणूस निमूटपणे दुसरी ओळ वाचत असणार. आई गोरी, वडील काळे, अशा माणसाने कुठली वाचायची, ते मात्र कागदावर नव्हतं.

यात कुणाच्या मनात द्वेष होता का? बहुतेकांच्या नसावा, आणि म्हणूनच डॉक्टरांना संवेदनशीलतेचे धडे देऊन हा प्रकार थांबला नसता. सूत्राला मन नसतं. ते बदलावं लागतं, आणि बदल सक्तीचा करावा लागतो.

सक्तीचा गुण अमेरिकेने पूर्वी पाहिला आहे. १९४६च्या कायद्याने रुग्णालयं बांधायला केंद्राचा पैसा मिळे, आणि गोऱ्या-काळ्यांची सोय वेगवेगळी ठेवायलाही त्यात मुभा होती. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स यांच्या एका काळ्या रुग्णाच्या दाढेला गळू झालं होतं. काळ्यांच्या रुग्णालयात खाट नव्हती आणि गोऱ्यांच्या रुग्णालयाने दार उघडलं नाही. सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९६३मध्ये अपील न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. तरी दक्षिणेतली दारं खऱ्या अर्थाने उघडली ती १९६६मध्ये, वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू होताना. भेदभाव कराल तर मेडिकेअरचा पैसा नाही, एवढीच अट. काही महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी वॉर्ड एकत्र केले. वीस वर्षांत विवेकाला जे जमलं नव्हतं, ते तिजोरीने करून दाखवलं. ही गोष्ट मला उदात्त वाटत नाही, पण उपयोगाची वाटते.

किडनीच्या सूत्राविरुद्ध आवाज उठवण्यात वैद्यकीय विद्यार्थी पुढे होते. २०२१मध्ये तज्ज्ञांच्या गटाने वंशाचा गुणक नसलेलं सूत्र सुचवलं आणि २०२२मध्ये अवयव वाटपाच्या राष्ट्रीय यंत्रणेने जुन्या गुणकावर बंदी घातली. एरवी सुधारणा इथे संपते : यापुढे असं होणार नाही, झालं ते झालं. इथे तसं झालं नाही. जानेवारी २०२३पासून प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला वर्षभराची मुदत देऊन यादीतल्या कृष्णवर्णीयांचे जुने अहवाल तपासायला लावलं आणि बुडालेला काळ त्यांच्या खाती जमा करायला लावला. १४ हजारांहून अधिक जणांचा प्रतीक्षाकाळ असा वाढवून मिळाला, सरासरी सुमारे दोन वर्षांनी. अर्ज त्यांनी करायचा नव्हता. कागद शोधण्याचं काम केंद्रांचं होतं. या सुधारणेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पुरावे गोळा करायला लावणाऱ्या योजना कागदावर कितीही चांगल्या असल्या, तरी त्यांचा लाभ शिकलेल्या आणि चिकाटीच्या लोकांपुरताच राहतो.

तरी ही भरपाई यादीत नाव असलेल्यांनाच मिळाली. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांच्या आसपास, डायलिसिसवर असणाऱ्यांत मात्र ३० टक्क्यांहून अधिक. आणि त्यांतल्या अनेकांना प्रत्यारोपण केंद्राकडे कुणी वेळेत पाठवतच नाही. १९७२च्या कायद्यापासून डायलिसिसचा मोठा खर्च मेडिकेअरच उचलते. म्हणजे १९६६ची किल्ली सरकारच्या हातात आजही आहे : रुग्णाला वेळेत यादीपर्यंत पोचवणाऱ्या डायलिसिस केंद्राला पूर्ण पैसे, न पोचवणाऱ्याला कमी. पुढचा नियम हाच हवा.