घासाघिशीची नीति

आश्विन लागला की पुण्याच्या आठवडे बाजारांत पुरंदरच्या सीताफळांच्या पाट्या येऊ लागतात. शेजारी ओल्या भुईमुगाच्या शेंगा, रताळी, तांबडा भोपळा, आणि दसऱ्याच्या सुमारास झेंडूचे ढीग. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून सोडविला, तेव्हापासून थेट विक्रीची वाट अधिक मोकळी झाली आहे. त्यामुळे अडत्याच्या आड झाकलेला एक प्रश्न गिऱ्हाइकापुढे उघडा पडतो. ज्याने पिकविले, त्याच्याशीच भावाची घासाघीस करावी काय?

प्रश्न क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. गेल्या मोसमात दोनशे रुपये सांगितलेली पाटी आम्ही संध्याकाळी दीडशेला आणली, आणि घरी येईपर्यंत स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर खूष होतो. ते समाधान रात्रीपर्यंतही टिकले नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नामक तपस्व्यास धर्म समजून घेण्यासाठी काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते. त्या वाण्याची थोरवी ही, की त्याचा तराजू सर्वांस सारखा. आमच्या व्यवहारातही माप खोटे नव्हते. दोघेही राजी होते, बळजबरी कोणी केली नव्हती. मग खटकले काय? अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात संत्री आणि जुने लोखंड यांची तुलना केली आहे. माल गरजेपेक्षा अधिक आला, तर नाशवंत मालाच्या विक्रेत्यांत चढाओढ फार तीव्र होते. लोखंड थांबू शकते, संत्री थांबत नाहीत. सीताफळ तर संत्र्याहूनही उतावळे. डोळे उघडलेले फळ झाडावरून काढले की थोड्याच दिवसांत मऊ पडते, आणि मग त्यास माशीखेरीज गिऱ्हाईक नाही. ‘राहू द्या’ म्हणून आम्ही दोन पावले पुढे गेलो, कारण आम्हांस पुढे जाता येत होते. त्या बाईस उठता येत नव्हते. सासवडची गाडी सुटण्यापूर्वी पाट्या रिकाम्या व्हावयाच्या होत्या. ते पन्नास रुपये चातुर्याचे नव्हतेच. तुलाधाराच्या तराजूत वजन मावते, सवड मावत नाही.

विक्रेते चार पैसे चढवूनच सांगतात, घासाघीस ही बाजाराची बोलीच आहे, असा आक्षेप येईल. सकाळी आठ वाजता, पाट्या भरलेल्या असताना, या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. दिवेलागणीस ते उरत नाही. शिवाय हेच आम्ही काचेच्या दुकानात छापील किमतीपुढे मुकाट्याने मान तुकवितो, ही गोष्टही विसरण्याजोगी नव्हे.

यंदा त्याच बाईकडे गेलो. तिने दोनशे सांगताच दोनशे दिले, आणि वर पन्नासाची नोट ठेवली. मागची हकीकत तिला आठवत असण्याचे काही कारण नव्हते.

“ह्ये कशापायी, दादा?” तिने विचारले.

इतकी वर्षे वर्गात नीतिशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस उत्तर सुचले नाही. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले, नोट कनवटीस लावली, आणि शेजारच्या पाटीतली चार फळे निवडून आमच्या पिशवीत वरच्या वर ठेविली.

“ही पिकल्याली हायेत. आजच खावा.”