चुन्याची रेघ

आमच्या घरात टीव्हीशेजारी एक चषक ठेवलेला आहे. रंग पितळी, पण आहे प्लास्टिकचा. त्यावर ‘तृतीय क्रमांक’ असं लिहिलंय. पाहुणे आले की घरचे लोक कौतुकानं दाखवतात, बघा, या वयात आप्पांनी मिळवला. मी तेवढ्यात काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडे जातो. असं का करतो ते आजवर कोणाला सांगितलं नाही. ते आज लिहितो आहे.

साठी गाठली आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी म्हणालो, शेतकरी दिवसभर चालतोच की. ते म्हणाले, ते कामाचं चालणं झालं, आता तब्येतीसाठी चाला. मग पहाटे उठून नशिराबादहून भादलीच्या रस्त्यानं चालू लागलो. चालता चालता कधी पळायला लागलो, कळलं नाही. सुरुवातीला लोक थांबून विचारायचे, “आप्पा, म्हैस सुटली काय? कशाले पयता?” पुढे सवय झाली. नातवानं किलोमीटर दाखवणारं घड्याळ आणून दिलं. 10 किलोमीटरला मला 1 तास 10 मिनिटं लागतात, हे त्या घड्याळाच्या आधी माझ्या पायांनाच कळलं होतं.

त्याच नातवानं माझं नाव एका शर्यतीत घातलं. शर्यत जिल्ह्यातल्याच एका गावी होती. गावाचं आणि भरवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. फी 500 रुपये. त्यात शर्ट, पदक आणि नाश्ता. फेब्रुवारीचा शेवट होता. सकाळी 6 ला सुटणार म्हणून आम्ही साडेपाचलाच हजर. प्रमुख पाहुणे साडेसातला आले. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषणं. एका वक्त्यानं आरोग्याचं महत्त्व सांगितलं आणि आम्ही ते उन्हात उभं राहून ऐकलं. खानदेशातलं ऊन फेब्रुवारीच्या शेवटी पाहुणा म्हणून येत नाही, घरमालक म्हणून येतं. शर्यत सुटली तेव्हा आठला दहा कमी होते.

शर्यत म्हणजे 5 किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. माईकवर सांगितलं होतं, पुलाजवळ रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आहे, तिथे आमचा माणूस उभा असेल, तिथून वळायचं. पहिल्या टेबलावर पाणी मिळालं. दुसऱ्या टेबलावर फक्त टेबल होतं. त्याखाली रिकामी खोकी, आणि जारचा टेम्पो अजून यायचा होता. एक पोरगा हात जोडून सांगत होता, “काका, येतंच आहे.” त्याचा तरी काय दोष? त्याला नुसतं उभं केलं होतं.

पुढे रस्त्याकडेच्या वावरात दादर सोंगत होते. एक बाई आमच्याकडे बघत उभी होती. माझं तोंड बघून ती बांधावर आली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला कॅन होता, त्यातून ओंजळीत पाणी ओतलं. म्हणाली, “एवढ्या उन्हात कोनी पयते का, बाबा?” मागून आलेल्या दोन-तीन पोरांनाही तिनं पाजलं. दिवसभराचं तिचं पाणी होतं ते.

आणखी थोडं पुढे गेलो तर समोरून पळणारे परत येताना दिसू लागले. एका ढाब्यासमोर सगळे वळत होते. वळणावरचा माणूस पाण्याच्या टेम्पोला फोन करायला म्हणून कुठे गेला होता की नाश्त्याला गेला होता, कोणास ठाऊक. एक पोरगा ओरडला, “काका, इथूनच वळा, पुढे कोणी नाही!” मी घड्याळ बघितलं. 4 किलोमीटर आणि वर थोडं. मान वर केली तर पूल दिसत होता. हे मुद्दाम लिहितो. पूल मला दिसत होता.

मी वळलो.

57 मिनिटांत परत आलो. माझ्या पायांचं एवढ्या वेळात 10 किलोमीटर कधीच होत नाही. पंचावन्नच्या वरच्या गटात मला तिसरा पुकारलं. चषक आणि पाकिटात 1000 रुपये. टाळ्या वाजल्या. फोटो झाला.

फोटो चालू असताना एक माणूस आला. माझ्याच वयाचा, रेल्वेतून रिटायर झालेला, भुसावळचा. छातीवर नंबर 214. मंडपाच्या खांबाला टेकून बसला, बूट काढला, मोज्याला रक्त लागलेलं. आधी पाणी मागितलं. जार संपले होते. माझ्या पिशवीतली बाटली मी त्याला दिली. तो म्हणाला, “पुलाजवळ कोणीच नव्हतं. पण चुन्याची रेघ होती. मी रेघेवर पाय ठेवून वळलो.” मग माझ्या हातातल्या चषकाकडे बघून म्हणाला, “वा, अभिनंदन.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येईपर्यंत मी मनात भांडत होतो. चूक कोणाची? वेळेवर सोडलं नाही त्यांची. पाणी ठेवलं नाही त्यांची. वळणावर माणूस नाही ठेवला त्यांची. सगळेच वळत होते, मी एकटा शहाणा होऊन काय करणार होतो? हे सगळं खरं आहे. तरी रात्री झोप लागली नाही.

आपल्याकडे लग्नात वरण-बट्टीची पंगत असते. जाणता माणूस आधी विचारतो, पाणी कोण वाढणार? बट्ट्या किती, वांगी किती, हे मागून. कारण आवतण दिलं की आलेल्या माणसाची तहान आपल्या अंगावर येते. शर्यतीचंही तसंच आहे. जगात यासाठी नियम करून ठेवले आहेत. 10 किलोमीटरपर्यंतच्या शर्यतीत ऊन असेल तर साधारण दर 2-3 किलोमीटरला पाणी हवं, त्याहून लांब शर्यतीत साधारण दर 5 किलोमीटरला. रस्ता मोजायचा तो गाडीच्या काट्यावर नाही, सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून. आणि मोजताना हजारात एक जास्त धरायचं, म्हणजे 10 किलोमीटरला 10 मीटर जास्त, की पळणाऱ्याला कमी पडलं असं व्हायला नको. हे वाचलं तेव्हा मला जुने लोक आठवले. पायलीनं धान्य मोजून दिलं की वर एक पसा टाकायचे. हिशोब तोच.

पण नीट व्यवस्था नसली म्हणजे खरी शर्यत होतच नाही, असंही नाही. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी स्पर्धा झाल्या. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. पळणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, साधं खाणारी, शास्त्रशुद्ध सराव कशाला म्हणतात ते माहीत नसलेली. मैदान खडबडीत आणि इतकं लहान, की सरळ पळायची शर्यतही वळसा घालून पळत होते. पण त्यांचं पळणं बघून टाटांनी मनावर घेतलं, आणि 1920 साली भारताचा संघ ऑलिम्पिकसाठी बेल्जियमच्या अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटांत पळून ते 19 वे आले. मैदान वाकडं होतं, पळणं सरळ होतं.

आणि उलटंही घडलेलं आहे. 1904 साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिम्पिकची मॅरेथॉन झाली. ऑगस्टची दुपार, कच्चा रस्ता, पुढे चालणाऱ्या गाड्यांची धूळ पळणाऱ्यांच्या नाकातोंडात, आणि पाणी वाटेत एखाद-दुसऱ्या ठिकाणीच. 32 जण सुटले, 14 पोहोचले. एक जण धुळीनं मरता मरता वाचला. फ्रेड लॉर्झ नावाचा एक जण थकून मोटारीत बसला, बराच रस्ता मोटारीतून आला आणि शेवटी पळत मैदानात शिरला. लोकांनी त्यालाच पहिला समजून जयजयकार केला. मग बिंग फुटलं. तो म्हणाला, गंमत केली. त्या शर्यतीत भरवणाऱ्यांचा दोष डोंगराएवढा होता. पण लॉर्झ मोटारीत बसला होता, ते त्या डोंगराखाली झाकलं जात नाही. पुढच्याच वर्षी, 1905 मध्ये, त्यानं बोस्टनची मॅरेथॉन खरोखर पळून जिंकली. त्याला आदल्या वर्षीच्या टाळ्या आठवत असतील का, असं मला वाटून जातं.

माझी अडचण काय होती ते मला कापसावरून समजलं. काही व्यापारी काटा मारतात. मग काही शेतकरी कापसावर पाणी मारतात. विचारलं तर म्हणतात, तो क्विंटलमागे खातो, मी पाण्यात वसूल करतो, फिट्टंफाट. एका वर्षी मीही मारलं आहे, खोटं कशाला बोलू? पण फिट्टंफाट होत नाही. व्यापाऱ्याच्या खात्यावर त्याचा काटा राहतो, माझ्या खात्यावर माझं पाणी. सोसायटीच्या वहीत एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर वळतं होत नाही, तसंच हे. त्या शर्यतीत पाणी नव्हतं, हे भरवणाऱ्यांच्या नावावर. पूल दिसत असताना वळलो, हे माझ्या नावावर. मी रात्रभर दोन्ही रकमा एकाच वहीत घालून वजाबाकी करत होतो, म्हणून हिशोब जुळत नव्हता.

दुसरीही एक गोष्ट आहे. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातून 100 किलोमीटरची शर्यत झाली. 172 जण पळत होते, बरेच जण पातळ कपड्यांवर. दुपारी गारा, पाऊस आणि वादळी वारा आला. मदत वेळेवर पोहोचली नाही. 21 माणसं गारठून मेली. तिथे झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसामुळे गुहेत थांबला होता. त्यानं सहा जणांना त्या गुहेत आणून, शेक देऊन वाचवलं. नंतर तो म्हणाला, बाकीच्यांना वाचवता आलं नाही याचं वाईट वाटतं. मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. शर्यत त्यानं भरवली नव्हती, फी घेतली नव्हती, आवतण दिलं नव्हतं. ज्याचं काहीच देणं नव्हतं तो माणूस आपल्याकडे बाकी निघते म्हणत होता. आणि आपल्याकडे ज्यांनी 500 रुपये घेतले ते म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मला दादर सोंगणारी ती बाई आठवली. तिचं तरी काय देणं होतं?

आठ दिवसांनी मी भरवणाऱ्यांना फोन केला. सांगितलं, मी पूर्ण पळालो नाही, माझं बक्षीस 214 नंबरवाल्याला द्या. तिकडून हसून उत्तर आलं, “काका, निकाल लागून गेला. सगळेच तिथून वळले, आता कशाला उकरता?” मी 214 चं नाव विचारलं. नंबर ढिगातून उचलून वाटले होते, कोणता कोणाला दिला याची नोंद नव्हती. मी म्हणालो, मग पुढच्या वर्षी वळणावर मला उभं करा. हे मात्र त्यांनी लगेच मान्य केलं. फुकटचा माणूस कोणाला नको असतो?

पुढच्या वर्षी मी पळालो नाही. अर्धी गोणी चुना आणि पाण्याचे जार घेऊन अंधारातच पुलाजवळ गेलो. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली, चांगली हातभर रुंद. त्या वर्षीही पाहुणे उशिरा आले, शर्यत उशिराच सुटली. पण रेघेच्या अलीकडून कोणी वळलं नाही. दोघा पोरांनी प्रयत्न केला, त्यांना मी हाक मारून बोलावलं. पाणी प्यायला दिलं आणि मग जाऊ दिलं.

प्रत्येक पांढऱ्या डोक्याच्या माणसाचं तोंड मी बघत होतो. भुसावळचा तो माणूस आला नाही.

1000 रुपयांचं पाकीट अजून कपाटात आहे. भुसावळला काम निघालं की स्टेशनबाहेर चहा पिताना येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसतो. घरी अजून कोणाला काही माहीत नाही. हे छापून आलं की नातू मोठ्यानं वाचून दाखवेल. तेव्हा मी गोठ्याकडे जाणार नाही, तिथेच बसून राहीन.