सरडा, पवनचक्क्या आणि पडीक जमीन

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाआधीच्या दिवसांत सरड्याचे नर दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतात. निळा, काळा, शेंदरी असे रंग क्षणभर झळकतात आणि पंखा मिटतो. मादीला खुणावणे आणि दुसऱ्या नराला दटावणे ही दोन्ही कामे त्यातून साधतात. या सरड्याला विज्ञानाच्या दप्तरी स्वतंत्र नाव मिळाले ते २०१६ मध्ये.

तोवर भारतातले असे सगळे सरडे ‘सिटाना’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, मोडत. क्युव्हिएने १८२९ मध्ये ती प्रजाती मांडली. १८७० मध्ये जर्डनने दख्खनच्या सरड्याची वेगळी जाती सांगितली. पुढे व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातले नमुने डीएनए आणि शरीररचना या दोन्ही कसोट्यांवर तपासले. गटात दोन वेगळे वंश आढळले. त्यांपैकी एकाला त्यांनी आपल्याच मराठीतले ‘सरडा’ हे नाव प्रजातीचे नाव म्हणून दिले. जर्डनची जाती तिच्यात आली, शिवाय ‘सरडा डार्विनी’ आणि चाळकेवाडीचा ‘सरडा सुपर्बा’ या दोन नव्या जातीही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: प्राणी तेच, मग काल एक आणि आज दोन, हा शास्त्रज्ञांच्या मर्जीचा खेळ नाही का? आक्षेप अगदीच पोकळ नाही. ठळक वाण कुठे संपतो आणि जाती कुठे सुरू होते, याची पक्की रेघ निसर्गात सापडत नाही, हे डार्विनने १८५९ मध्येच मान्य केले होते. जाती हळूहळू फुटून निघत असतील तर काही सीमा धूसर असणारच. पण सीमा धूसर असली म्हणून वंश खोटा ठरत नाही. दोन वंश वेगळे झाले की नाही, हा पुराव्याने तपासता येणारा दावा आहे. त्यांना दोन प्रजाती म्हणायचे की एकाच प्रजातीतल्या दोन शाखा, इथे मात्र सोयीला आणि संकेताला वाव असतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वर्गीकरण लहरी वाटू लागते.

वेगळेपणाचा प्रत्येक पुरावा सारख्या वजनाचा नसतो, हेही याच पठाराने दाखवले. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण सुमारे चौपट कमी होते आणि सरडे अधिक दाटीने राहत होते. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाशी निगडित संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण ते अंगाने कृश होते, नरांचे रंगही फिके होते. डोक्यावरची घार-ससाण्यांची भीती ओसरली, तशी अन्नासाठीची चुरस वाढली असावी.

याला उत्क्रांती म्हणावे का? घाई करू नये. एकाच जातीचा जीव परिस्थितीनुसार आयुष्यभरात बदलतो. असा बदल आनुवंशिक असेलच असे नाही. केवळ फिका रंग पाहून कुणी चक्क्यांखालचा सरडा वेगळी जाती ठरवला, तर ती फसगत होईल. म्हणूनच नव्या जातीचा दावा करताना रंगापलीकडे हाडे, खवले, डीएनए असे अनेक साक्षीदार उभे करावे लागतात, आणि उद्या चांगला पुरावा आला तर तो दावा मागेही घ्यावा लागतो. वर्गीकरणाचे खरे बळ या दुरुस्तीच्या तयारीत आहे.

आपण अशा पठारांचेही वर्गीकरण केलेले आहे. नांगर चालत नाही ती जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात उघड्या कातळाचा स्वतंत्र वर्ग आहे. जिथे पिकत नाही तिथे काही नाही, असा या नोंदींचा व्यवहारातला अर्थ होतो. फुलांच्या हंगामाने कासचे पठार प्रसिद्ध झाले, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले. बाकीच्या कातळावर मात्र खडक, थोडे गवत आणि सरडे. ते पाहायला गर्दी होत नाही.

हा पवनचक्क्यांना विरोध नव्हे. कोळशाला पर्याय हवाच, आणि वारा उंच, मोकळ्या माळांवर चांगला मिळतो. पण ‘पडीक’ जमिनीवर प्रकल्प उभारला म्हणजे निसर्गाचे काही गेले नाही, हे गृहीतक चाळकेवाडीच्या अभ्यासाने खोडले आहे. सरसकट पसरलेला सरडा जेव्हा मर्यादित प्रदेशातली जाती ठरतो, तेव्हा त्या प्रदेशातल्या एका पठाराचे मोलही बदलते. जातींच्या यादीत झालेली दुरुस्ती जमिनीच्या नोंदीपर्यंत पोहोचत नसेल, तर ती कागदावरच राहते.

सरड्याच्या नोंदीला पुराव्याची अट आहे आणि फेरतपासणीची वाटही आहे. जमिनीच्या नोंदीला या दोन्ही लावायला हव्यात. कातळपठार प्रकल्पाला देण्यापूर्वी तिथे वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत काय जगते ते पाहावे आणि मगच त्याला पडीक म्हणावे किंवा म्हणू नये. वीज कुठे निर्माण करायची हा निर्णय त्यानंतरही माणसालाच घ्यायचा आहे. फक्त तो घेताना आपण काय मोडतो आहोत, हे आपल्याला माहीत असेल.